तुटता तारा आणि प्रयोगवही

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात बंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक यांच्या स्नेहमेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाच्या स्मरणात एक प्रयोगवही असते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे तिचे ठरलेले मथळे. त्यांतील शेवटच्या दोन मथळ्यांची गल्लत झाली की गुरुजींची लाल शाई उमटायची. चुन्याची निवळी दुधाळ झाली, हे निरीक्षण. बाहेर पडलेला वायू कार्बन डायऑक्साइड आहे, हे अनुमान. दोन्ही एकाच वाक्यात का लिहू नयेत, हे त्या वयात उमगत नसे. गुण मिळवण्यासाठी पाळायची ती एक रीत वाटे. परंतु एखादी घटना न सांगता येते, चार-पाच सेकंदांत संपते आणि पुन्हा दाखवा म्हणता येत नाही, तेव्हा या दोन मथळ्यांतील अंतर किती मोलाचे असते ते कळते. रात्रीच्या आकाशातून जाणारी तेजस्वी उल्का ही अशीच घटना आहे.

बंगळूरसारख्या दिव्यांनी उजळलेल्या महानगरात आकाशातील बहुतेक तारे हरवून गेले आहेत. तरीही शुक्राहून तेजस्वी असा अग्निगोल नगराच्या झगमगाटातूनही दिसतो. गच्चीवर कपडे काढायला गेलेली गृहिणी, रात्रपाळीहून परतणारा अभियंता, बसच्या खिडकीशी बसलेला विद्यार्थी, यांपैकी कोणीही त्याचा साक्षीदार होऊ शकतो. प्रश्न एवढाच असतो की, त्याने नेमके काय पाहिले आणि तो काय सांगणार?

याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून, तसेच मध्य प्रदेश व गुजरातमधून, आकाशात प्रकाशाच्या लांबलचक रेषा सरकताना दिसल्या. असंख्य लोकांनी त्या मोबाईलवर टिपल्या. कोणी म्हणाले उल्कापात, कोणी म्हणाले विमान पेटले, तर कोणाला क्षेपणास्त्राची शंका आली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावच्या मोकळ्या जागेत, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. पवनपार परिसरात धातूचा एक गोळा सापडला. एवढे मोठे कडे मनुष्यवस्तीत पडूनही कोणास इजा झाली नाही, हे सुदैवच.

आकाशातून धातू पडला म्हणजे उल्काच असणार, असा तर्क करणे सोपे होते. पण साक्षीदारांच्या चित्रफितींतच त्याचे उत्तर होते. त्या रेषा मंदगतीने सरकत होत्या, अनेक तुकडे एकामागोमाग एकाच वाटेने जात होते आणि हा देखावा बराच वेळ टिकला. नैसर्गिक उल्का असे रेंगाळत नाही. ती सेकंदाला किमान ११ आणि कमाल सुमारे ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा काही सेकंदांत विझते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून खाली येणाऱ्या मानवनिर्मित वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास असतो. शिवाय ती अतिशय तिरप्या, जवळजवळ आडव्या वाटेने उतरते. म्हणूनच ती क्षितिजाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना निवांत पाहता येते.

त्याच दिवशी न्यूझीलंडहून एका अग्निबाणाचे उड्डाण झाले होते. त्यामुळे प्रथम संशय त्याच्यावर गेला. पुढे कक्षांचा हिशेब जुळवून पाहता, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘चँग झेंग ३बी’ या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या वेळी याच मार्गाने खाली येत होता, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवून दिले. वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत राहिलेले ते अवशेष पाडव्याच्या सायंकाळी विदर्भाच्या मातीत आले होते. एकाच सायंकाळी एवढी अनुमाने निघाली आणि बहुतेक सगळी चुकली. निरीक्षणे मात्र एकही वाया गेली नाहीत. वेळ, दिशा, गती आणि तुकड्यांची रांग या नोंदी ज्यांनी प्रामाणिकपणे दिल्या, त्यांच्यामुळेच खरे उत्तर पक्के झाले.

मग खरी उल्का म्हणजे काय? धूमकेतूंनी व लघुग्रहांनी मागे टाकलेले कण आणि खडे सूर्याभोवती फिरत असतात. त्यांतील एखादा पृथ्वीच्या वाटेत येतो. वाटाण्याएवढा खडाही डोळ्यांना दिसेल असा प्रकाश देऊ शकतो. ‘हवेशी घर्षण होऊन तो जळतो’ असे आपण सोयीने म्हणतो. पण प्रचंड वेगामुळे त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन तप्त होते, ही त्यातील मोठी गोष्ट. त्या उष्णतेने खड्याचा पृष्ठभाग वितळून उडून जातो आणि तापलेली वाफ व हवा प्रकाशमान होते. हे साधारणपणे १२० ते ८० किलोमीटर उंचीवर घडते. त्या प्रकाशातील रंगही बोलके असतात. सोडियम पिवळसर छटा देते, मॅग्नेशियम निळसर हिरवी. मोठा तुकडा असेल तर तो आणखी खाली येतो, फुटतो आणि त्याचे उरलेले अंश जमिनीवर पोहोचतात. जमिनीवर पोहोचलेल्या अशा दगडास मराठीत ‘अशनी’ म्हणतात.

हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांसाठी एक स्वतंत्र अध्याय लिहिला. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार त्याने सांगितले. प्रचंड आवाज करीत माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर कोसळणारी आणि भूमी विदारणारी ती अशनी, असे तिचे लक्षण त्याने दिले आहे. त्यांतून राजाला व प्रजेला कोणती फळे मिळतात, हा त्या अध्यायातील भाग आज मागे पडला. पण आकार, ध्वनी आणि गती यांवरून केलेली वर्गवारी कोणा डोळस माणसांनी पिढ्यान्पिढ्या आकाश पाहिल्यावाचून झालेली नाही. त्या ग्रंथातील अनुमान कालबाह्य झाले, तरी निरीक्षण आजही ओळखीचे वाटते.

युरोपात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत, आकाशातून दगड पडतात हे विद्वानांना मान्य नव्हते. शेतकरी तसे सांगत, पण त्यांची साक्ष अडाण्यांची कल्पना म्हणून बाजूला सारली जाई. १७९४ मध्ये एर्न्स्ट क्लाड्नी याने असे दगड अंतराळातून येतात हे ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा त्याचीही थट्टा झाली. या वादाचा निकाल लागण्यास ज्या घटना कारणीभूत झाल्या, त्यांतील एक आपल्या देशातील आहे.

१९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास काशीच्या आसमंतात एक मोठा अग्निगोल दिसला. मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि काशीपासून काही कोसांवरील क्राखुत गावाजवळ दगड पडले. आकाश तर निरभ्र होते. एका पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर भेदून एक दगड आत आला आणि चोपलेल्या जमिनीत काही इंच रुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो धन्याकडे नेऊन दिला. जॉन लॉईड विल्यम्स या इंग्रज गृहस्थाने गावकऱ्यांच्या हकिकती टिपून घेतल्या, दगड मिळवले आणि इंग्लंडला पाठवले. तेथे एडवर्ड हॉवर्ड याने काशीचे दगड आणि युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले दगड यांची रासायनिक तपासणी करून १८०२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हजारो कोसांच्या अंतरावर पडलेले हे दगड एकमेकांसारखे होते, त्यांतील लोहात निकेल होते आणि भोवतालच्या खडकांशी त्यांचे साम्य नव्हते. त्या पहारेकऱ्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही. पण छपराला पडलेले भोक, रुतलेला दगड आणि त्याची सरळ सांगितलेली हकिकत यांनी विज्ञानाला एक पाऊल पुढे नेले.

त्याच १७९८ साली जर्मनीतील गटिंगेन येथे बेन्झेनबर्ग आणि ब्रांडेस या दोन विद्यार्थ्यांनी आणखी एक काम केले. काही मैलांच्या अंतरावर उभे राहून दोघे एकाच वेळी आकाश पाहत आणि दिसलेल्या उल्कांची जागा ताऱ्यांच्या संदर्भाने लिहून ठेवत. एकच उल्का दोघांना निरनिराळ्या ताऱ्यांवर दिसे. त्या फरकावरून, शाळेत शिकलेल्या त्रिकोणाच्या गणिताने, उल्का किती उंचीवर चमकते हे त्यांनी काढले. उल्का हा ढगांतील विजेसारखा प्रकार नसून कितीतरी उंचावरचा आहे, हे त्यातून दिसले. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल येथे सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. झाँ-बाप्तिस्त बिओ हा तरुण शास्त्रज्ञ गावोगाव हिंडला. एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांच्या जबान्या त्याने ताडून पाहिल्या आणि दगड कोठे कोठे पडले याचा नकाशा केला. त्याच्या अहवालानंतर शंकेला जागा उरली नाही. ज्यांची साक्ष कोणी घेत नव्हते, त्या खेडुतांच्याच साक्षीवर हा सिद्धान्त उभा राहिला.

महाराष्ट्रातही अशा खुणा आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सर्वांच्या परिचयाचे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाटोळा खड्डा, आतील खारे पाणी, काठावरची मंदिरे आणि लवणासुराच्या वधाची कथा. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. तो ज्वालामुखीचा खड्डा असावा असे अनेक वर्षे मानले गेले, कारण भोवती सारा दख्खनचा काळा पाषाण, आणि तो ज्वालामुखीतूनच आलेला. आघाताच्या विलक्षण दाबानेच निर्माण होणारी काच तेथील खडकांत सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अंतराळातून आलेल्या अशनीचे कर्तृत्व सिद्ध झाले. पहिल्या नोंदीपासून पक्क्या अनुमानापर्यंत दीडशे वर्षे गेली.

याउलट २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात भर दुपारी स्फोटासारखा आवाज होऊन अशनी पडल्या आणि लोकांनी व शास्त्रज्ञांनी त्यांचे तुकडे लगोलग गोळा केले. त्या तुकड्यांचा सूक्ष्म अभ्यास करताना भारतीय संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज आढळले आणि २०२१ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात, शेकडो किलोमीटर खोल असलेल्या प्रावरणात हेच खनिज सर्वाधिक प्रमाणात आहे. तेथे मनुष्याचा हात पोहोचत नाही. पृथ्वीच्या अंतरंगाचे ज्ञान काटोलच्या रानात आकाशातून येऊन पडले, असेच म्हणावे लागेल.

पालकांनी आणि शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी एक घटना रशियातील चेल्याबिन्स्क नगराची आहे. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी सुमारे वीस मीटर आकाराचा एक पाषाण सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि जवळजवळ ३० किलोमीटर उंचीवर फुटला. क्षणभर सूर्याहून प्रखर उजेड पडला आणि मग सारे शांत झाले. लोक कुतूहलाने खिडक्यांशी धावले आणि तेथेच घात झाला. प्रकाश तत्क्षणी येतो, पण आघातलहर ध्वनीच्या चालीने येते. ध्वनीला एक किलोमीटर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. त्यामुळे उजेडानंतर एक-दोन मिनिटे उलटल्यावर ती लहर नगरावर आदळली. हजारो खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार लोकांना वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. एका शाळेत युलिया कारबिशेवा नावाच्या शिक्षिका चौथीच्या वर्गावर होत्या. तो उजेड कशाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी ४४ मुलांना खिडक्यांपासून दूर करून बाकांखाली बसवले. स्वतः मात्र त्या उभ्या राहिल्या. काचा लागून त्या गंभीर जखमी झाल्या, पण मुलांपैकी एकालाही ओरखडा आला नाही. अनुमान हाती नसतानाही केवळ निरीक्षणावरून शहाणे पाऊल उचलता येते, याचे याहून उत्तम उदाहरण कोणते? वीज असो वा अग्निगोल, डोळे दिपवणारा उजेड दिसला की खिडकीपासून दूर व्हावे, एवढे प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे.

आता या नगराकडे वळू. आकाशाकडे पाहण्याचे काम देशात ज्या थोड्या ठिकाणी अहोरात्र चालते, त्यांत बंगळूरचे स्थान मोठे आहे. कोरमंगला भागात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. तिच्याच कावलूर येथील वेधशाळेतून राजमोहन यांनी १९८८ मध्ये एक लघुग्रह शोधला आणि त्याला गणिती रामानुजन यांचे नाव मिळाले. पीण्या येथे अंतराळातील वस्तूंवर नजर ठेवणारे ‘इस्रो’चे नियंत्रण केंद्र डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाले. आपले उपग्रह अंतराळातील भंगारापासून सुरक्षित राखण्याचा हिशेब याच नगरात मांडला जातो. लाडबोरीत पडलेल्या कड्यासारखे अवशेष पुढे वाढतच जातील, कारण उड्डाणे वाढत आहेत. एखाद्या रात्री जे तेज दिसेल ते निसर्गाचे की मनुष्याचे, हा प्रश्न आता प्रत्येक पिढीला पडणार आहे.

अशा वेळी सामान्य साक्षीदाराने काय टिपावे? प्रथम घड्याळ पाहावे. मग दिशा: कोठे दिसली आणि कोठे विझली, हे घर, झाड, डोंगर किंवा ओळखीचा तारा यांच्या संदर्भाने लक्षात ठेवावे. हात ताठ पुढे करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते, म्हणून क्षितिजापासूनची उंची मुठींनी मोजता येते. प्रकाश किती सेकंद टिकला, रंग कोणता, तुकडे झाले का आणि आवाज किती वेळाने आला, हे लिहावे. एकाने बंगळूरहून आणि दुसऱ्याने म्हैसूरहून असे टिपण केले, तर गटिंगेनच्या त्या दोन विद्यार्थ्यांप्रमाणेच उंची आणि मार्ग काढता येतो. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशी टिपणे सर्वांकडून स्वीकारते. एक गोष्ट मात्र अनुमानाच्या रकान्यातच ठेवावी: ‘पलीकडच्या टेकडीमागे पडली’ असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात ती उल्का दीड-दोनशे किलोमीटर दूर असू शकते. दगड सापडलाच तर तो फोडू नये, त्याला लोहचुंबक लावू नये, कारण त्यातील मूळ चुंबकीय खुणा पुसल्या जातात. जागेवरच त्याचे छायाचित्र घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागास कळवावे. आणि कोठली तरी जुनी चित्रफीत ‘आत्ताच आमच्याकडे’ म्हणून पुढे पाठवू नये. तो निरीक्षणाचा अपमान आहे.

विद्यार्थ्यांच्या चिकाटीने काय साधते, तेही पाहण्यासारखे आहे. ६ ऑक्टोबर २००८ रोजी शोध लागलेला एक छोटा लघुग्रह एका दिवसाच्या आत सुदानच्या वाळवंटावर फुटणार, हे आधीच वर्तवले गेले आणि तसेच घडले. त्या डिसेंबरात खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी व कर्मचारी एका ओळीत उभे राहून, पायाखालचा प्रत्येक खडा पाहत वाळवंटातून चालत गेले आणि त्यांनी ते काळे तुकडे वेचून काढले. त्या दगडांत अतिसूक्ष्म हिरेही सापडले. हीरक महोत्सवाच्या मेळाव्यात त्या हिऱ्यांची आठवण अप्रस्तुत ठरू नये. ते अवकाशातून आले हे खरे, पण हाती लागले ते मान खाली घालून शिस्तीने चालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या.

दरवर्षी १३ व १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. तोवर बंगळूरचा पाऊस सरलेला असतो आणि आकाश बहुधा मोकळे असते. नगराच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन, रात्री दहानंतर, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या आसमंतातील आकाश तासभर पाहावे. सोबत मुले असावीत, चादर असावी आणि एक वही असावी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ मोबाईल दूर ठेवावा. पहिली उल्का दिसताच मूल आनंदाने ओरडेल, कदाचित मनातली इच्छाही सांगेल. ती जरूर सांगू द्यावी. त्यानंतर त्याला एवढेच विचारावे: “कुठून कुठे गेली? किती वेळ दिसली?” साठ वर्षे मुलांना हेच दोन प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या शाळेस आणि तिच्या गुरुजनांस सादर वंदन.